पाचशे ओंडके

तिबेटातली त्सांगपो म्हणजेच आसामातली ब्रह्मपुत्रा, हे आज शाळकरी पोरही सांगेल. (खरं तर ब्रह्मपुत्र हा नद, पण बोलताना आपण त्याची नदी करूनच टाकतो. असो.) दीडशे वर्षांपूर्वी मात्र याचा पुरावा कुणाकडेच नव्हता. त्सांगपो हजारभर मैल पूर्वेकडे वाहते आणि नामचा बरवा या ७,७८२ मीटर उंच शिखरापाशी डोंगरांत गडप होते. खाली आसामात येणारं पाणी तिचंच कशावरून? काहींच्या मते ती ब्रह्मदेशातल्या इरावतीला मिळत होती.

तिबेटात गोऱ्यांना बंदी. म्हणून १८८० साली सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॅप्टन हार्मननं युक्ती काढली. एका चिनी लामाला पाठवायचं, त्यानं खुणा केलेले ५०० ओंडके, रोज ५० या हिशेबानं, त्सांगपोत सोडायचे आणि खाली माणसं बसवून ते येतात का बघायचं. लामाचा नोकर म्हणून सोबत गेला सिक्कीमचा किंथुप. लिहिता-वाचता न येणारा.

लामा भलताच नग निघाला. वाटेत एका बाईच्या नादात चार महिने घालवले, भुर्दंड किंथुपच्या खिशाला. मग १८८१ मध्ये किंथुपलाच गुलाम म्हणून विकून स्वारी पसार!

आता कुणीही घरचा रस्ता धरला असता. हा पठ्ठ्या पळाला तो नदीच्या काठाकाठानं खाली. माग काढत माणसं आली, तेव्हा मारपुंगच्या मठाधिपतीनं ५० रुपये मोजून त्याला घेतलं. म्हणजे फक्त मालक बदलला. मग तीर्थयात्रेच्या नावाखाली रजा काढून किंथुपनं ५०० ओंडके तोडले, गुहेत लपवले आणि परत कामावर हजर! पुढच्या रजेत थेट ल्हासा. तिथे हार्मनला पत्र लिहवून घेतलं, की अमुक दिवसांपासून ओंडके सोडतोय. परत येऊन आणखी नऊ महिने चाकरी. शेवटी मठाधिपतीनंच त्याला मोकळं केलं आणि त्यानं ठरल्याप्रमाणे ओंडके सोडले.

पत्र वेळेवर पोचलंच नव्हतं. हार्मन आजारी पडून हिंदुस्थान सोडून गेला होता, १८८३ मध्ये वारलाही. काठावर पहाऱ्याला कुणीच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर पॅकेट बरोबर गेलं, पलीकडचा सर्व्हर कधीच बंद झाला होता.

१८८४ मध्ये तो परतला. त्यानं तोंडी सांगितलेली हकीकत दुसऱ्यांनी लिहून घेतली आणि त्यात एका ओढ्याचा दीडशे फुटी धबधबा खुद्द त्सांगपोवर जाऊन बसला. अनेकांनी सगळंच थापांत काढलं. १९१३ मध्ये बेली आणि मॉर्सहेड त्या घळीत पायी हिंडले, तेव्हा कळलं की गडी वाटेचे बारीकसारीक तपशील अचूक सांगत होता, तेही तीस वर्षांपूर्वी, निव्वळ आठवणीतून.

बेलीनं त्याला शोधून काढलं. तो दार्जिलिंगला शिंपीकाम करत होता. बेलीनं पेन्शनसाठी खटपट केली, पण सरकारला धास्ती, हा नव्वद वर्षं जगला तर? म्हणून एकरकमी १००० रुपये देऊन फाईल बंद. त्यानंतर तो फार दिवस जगला नाही.