पकड आणि सुटका : क्लिपलेस पेडलचा इतिहास

सायकलस्वाराचा पाय पेडलवर घट्ट कसा धरून ठेवावा, हा प्रश्न शर्यतींच्या अगदी प्रारंभीच्या काळापासूनचा आहे. परंतु या पेडलांचा इतिहास तपासला असता असे दिसते की, पाय अडकवून ठेवणे कारागिरांना फारसे अवघड गेले नाही, अवघड गेले ते तो ऐनवेळी सोडवणे, आणि एखादी रचना रुजली की मागे पडली हे बहुतांशी याच दुसऱ्या कसोटीवर ठरले.

मिनिटाला नव्वद-शंभर फेरे मारणाऱ्या किंवा खडबडीत रस्त्यावरून वेगाने जाणाऱ्या स्वाराचा पाय मोकळ्या पेडलवरून सरकतो, आणि पायाचा चवडा पेडलच्या आसावरून हलला की जोर वाया जातो व तोलही ढळतो. यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेला आणि पुढे जवळजवळ शतकभर टिकलेला उपाय म्हणजे टो-क्लिप, अर्थात पेडलच्या पुढच्या बाजूस बसवलेली आणि बुटाचे टोक आत घेणारी पोलादी कमान, व तिच्यातून ओवलेला चामडी पट्टा. शर्यतीच्या बुटांच्या तळाला शिवाय एक खाचेचा तुकडा, म्हणजे क्लीट, ठोकलेला असे आणि त्याची खाच पेडलच्या मागच्या पट्टीवर बसे. ही क्लीट बसवण्याची रीत मोठी व्यावहारिक होती : नवे बूट प्रथम क्लीटविना वापरायचे, पेडलच्या पट्टीचा वळ चामड्याच्या तळावर उमटू द्यायचा आणि मग त्याच वळावर खाच जुळवून खिळे मारायचे, म्हणजे स्वाराच्या पायाची नैसर्गिक ठेवण आपोआप कायम राहत असे. सुटका मात्र हाताशिवाय होत नसे. खाली वाकून बक्कल सैल करावे लागे, टाच उचलून क्लीट पट्टीवरून काढावी लागे आणि मग पाय मागे ओढावा लागे. अंतिम झेपेपूर्वी पट्टे करकचून आवळलेला स्वार पडला, तर बहुधा सायकलीसकटच पडे.

पट्ट्याविना पाय अडकवण्याची कल्पनाही तितकीच जुनी आहे. अमेरिकेतील ऱ्होड आयलंडच्या चार्ल्स हॅन्सन यांनी 1895 मध्ये अशा पेडलचे पेटंट घेतले होते आणि त्यात पाय पिळून अडकवण्याची व सोडवण्याची सोय होती. तथापि ही रचना प्रचारात आली नाही. 1970 च्या दशकाच्या आरंभी, 1943 ची मिलान–सान रेमो शर्यत जिंकलेले इटालियन सायकलपटू आणि पुढे उत्पादक झालेले चिनो चिनेली यांनी एम-71 हे पेडल बाजारात आणले. त्यात क्लीट खाचेत सरकवून कळ लावली की बूट पक्का बसे. पण कळ पेडललाच असल्यामुळे सुटण्यासाठी पुन्हा हात खालीच न्यावा लागे. थांबण्याचा प्रसंग सहसा न येणाऱ्या शर्यतीच्या ट्रॅकवर ते चालण्याजोगे होते, रस्त्यावर मात्र त्याला ‘डेथ पेडल’ असे नाव पडले.

या कोंडीतून वाट निघाली ती सायकलींच्या नव्हे, तर बर्फावरील स्कीच्या धंद्यातून. फ्रान्समधील नेव्हेर येथील लुक ही कंपनी स्कीवर बूट जखडणाऱ्या खोबण्या, म्हणजे बाइंडिंग, बनवत असे आणि तिचे संस्थापक झाँ बेल यांचे सारे कौशल्य एका गोष्टीत सामावलेले होते : बूट नेहमीच्या जोराला सुटता कामा नये, पण पडताना पाय मुरगळू लागला की हाड मोडण्याआधी तो सुटलाच पाहिजे. हेच तत्त्व 1984 मध्ये लुकच्या पेडलमध्ये उतरले. तीन स्क्रूंनी बुटाला बसवलेल्या त्रिकोणी प्लॅस्टिक क्लीटचे टोक पुढे अडकवून पाय दाबला की मागचा स्प्रिंगचा जबडा ‘खट्’ करून मिटे आणि टाच बाहेरच्या बाजूस वळवली की उघडे. हाताचे काम उरलेच नाही. टो-क्लिप गेली म्हणून या प्रकाराला ‘क्लिपलेस’ म्हणू लागले. कंपनीचे तेव्हाचे मालक बर्नार तापी यांचाच ‘ला व्ही क्लेअर’ हा सायकल संघ होता, आणि त्या संघाच्या बर्नार इनो यांनी 1985 ची तूर द फ्रान्स याच पेडलांवर जिंकल्यानंतर थोड्याच वर्षांत पट्टे रस्त्यावरील शर्यतींतून जवळजवळ हद्दपार झाले.

पुढची सुधारणा गुडघ्यांसाठी झाली. पक्क्या बसलेल्या क्लीटमुळे पायाचा कोन किंचितही चुकला तर त्याचा ताण प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर येतो. म्हणून बेल यांचाच सहभाग असलेल्या, 1987 मध्ये सुरू झालेल्या टाइम कंपनीने, न सुटता टाच थोडी डावी-उजवीकडे हलू देणारी सोय, म्हणजे फ्लोट, पुढे आणली. आज लुकच्या कीओ क्लीटमध्ये काळ्या रंगाला शून्य, करड्याला साडेचार आणि लाल रंगाला नऊ अंश अशी ही मोकळीक असते. उलट शिमानोच्या रस्त्यावरील क्लीटमध्ये लाल म्हणजे शून्य, निळी दोन आणि पिवळी सहा अंशांची, त्यामुळे केवळ रंग पाहून खरेदी करणारा हमखास फसतो. 1990 मध्ये शिमानोने डोंगरी सायकलींसाठी आणलेल्या एसपीडी पद्धतीने, बुटाच्या तळाबाहेर आलेल्या क्लीटमुळे होणारी चालण्याची अडचणही दूर केली : दोन स्क्रूंची लहान धातूची क्लीट बुटाच्या तळात खोलगट बसते आणि जमिनीला रबरी तळ टेकतो. पुणे, मुंबई, नाशिक येथील लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे फेऱ्यांत वाटेतील नाक्यांवर उतरून चालावे लागत असल्याने तेथे ही पद्धत सोयीची ठरते.

पेडल निवडताना आणि अंगवळणी पाडताना हाच इतिहास मार्गदर्शक ठरतो. नवशिक्याने मोकळीक असलेली क्लीट घ्यावी, स्प्रिंगचा स्क्रू सर्वांत सैल ठेवावा, भिंतीला हात टेकून दोन्ही पाय अनेकदा अडकवावेत व सोडवावेत आणि रस्त्यावर सायकल थांबण्याआधीच, ती चालती असताना, एक पाय मोकळा करण्याची सवय लावावी. कारण थांबलेल्या सायकलवर पाय वर ओढणे ही जुनी खोड असते आणि हे पेडल वर ओढून नव्हे, टाच वळवूनच सुटते. पेडलची पारख ते पाय किती घट्ट धरते यावरून नव्हे, तर किती सहज सोडते यावरूनच करावी.