तृण-नमुने व त्यांच्या स्थलनोंदी
तृण-नमुने व त्यांच्या स्थलनोंदी : रानटी गवते मुळे व फुलोऱ्यासह उपटून, दाबून, वाळवून जाड कागदावर बसवितात. अशा कागदाच्या कोपऱ्यातील चिठ्ठीवर स्थळ, तारीख आणि संग्राहकाचे नाव लिहिलेले असते. गवताची जाती मुख्यतः कणिशकांच्या सूक्ष्म रचनेवरून ठरते आणि ती वाळल्यावरही बव्हंशी टिकते. म्हणून नमुना शतकानंतरही तपासता येतो. मात्र तो कोठून आणला हे नमुन्याकडे पाहून कळत नाही. ते केवळ चिठ्ठीच सांगते. त्यामुळे स्थलनोंद हा नमुन्याचा ऐतिहासिक आधार होय.

वनस्पती वाळवून जपण्याची पद्धत सोळाव्या शतकात इटलीत रूढ झाली. पश्चिम भारतातील एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या काही नमुन्यांवर ‘मलबार, कोंकण इत्यादी’ एवढीच छापील नोंद आढळते. स्टॉक्स, लॉ प्रभृतींनी जमविलेल्या या वनस्पतींचे नेमके ठिकाण तिच्यावरून ठरविता येत नाही. पुढे परिस्थिती सुधारली. जे. सी. लिस्बोआ यांनी मुंबई इलाख्यातील गवतांची उपयोगांसह यादी १८९६ मध्ये प्रसिद्ध केली. थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनश्रीवरील ग्रंथात (१९०१–०८) गवतांचाही समावेश झाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील एथेलबर्ट ब्लॅटर (१८७७–१९३४) आणि चार्ल्स मकॅन यांच्या द बॉम्बे ग्रासेस (१९३५) या ग्रंथात जातींच्या वर्णनाबरोबर स्थळे व संग्राहकांची नावे दिलेली आहेत. ब्लॅटर यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ या भागातील गवतांच्या अभ्यासाचा पाया ठरला.

स्थलनोंदीचे महत्त्व हबार्डिया हेप्टान्यूरॉन या गवतावरून स्पष्ट होते. एल. जे. सेजविक व टी. आर. डी. बेल यांनी १९१९ मध्ये शरावती नदीवरील गिरसप्पा (जोग) धबधब्यापाशी ते गोळा केले. ही एक नवी जाती, किंबहुना नवा वंश आहे, हे त्या वेळी जाहीर झाले नव्हते. तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर नॉर्मन बोर यांनी १९५१ मध्ये या जुन्या नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले आणि क्यू येथील तृणतज्ञ सी. ई. हबर्ड यांच्या नावावरून वंशास नाव दिले. दरम्यान नदीवर जलविद्युत् प्रकल्प उभे राहिले, १९६४ मध्ये लिंगनमक्की धरण पूर्ण झाले आणि धबधब्याचा प्रवाह व तुषार कमी झाले. मूळ जागी गवत पुन्हा आढळले नाही. ते नामशेष झाले असे मानण्यात आले. ते तेथे वाढत होते याचा पुरावा म्हणून वाळलेले नमुने व त्यांवरील स्थलनोंद एवढेच उरले.

पुढे २००२ च्या सुमारास एस. आर. यादव व त्यांच्या सहकाऱ्यांना ही जाती कोल्हापूर जिल्ह्यातील तिलारी घाटात सापडली. याच वंशातील हबार्डिया डायँड्रा या दुसऱ्या जातीचे वर्णन २०१२ मध्ये झाले. ज्या गवताचा अधिवास गिरसप्पाच्या एकाच नोंदीवरून माहीत होता, ते सह्याद्रीत अन्यत्रही तग धरून होते.

यावरून स्थलनोंदींची मर्यादाही लक्षात येते. संग्राहक बहुधा रस्ते, लोहमार्ग, थंड हवेची ठिकाणे आणि प्रसिद्ध स्थळे यांच्या आसपास हिंडत. दुर्गम कडे व दऱ्या त्यामानाने कमी पाहिल्या गेल्या. म्हणून नोंद असणे हा वनस्पतीच्या अस्तित्वाचा पुरावा असला, तरी नोंद नसणे हा तिच्या अभावाचा पुरावा नव्हे. जुन्या नोंदींतील स्थळांना पुन्हा भेट देऊन केलेली तुलनाच गवताळ प्रदेशांत झालेले बदल दाखवू शकते. त्यासाठी स्थळ, उंची, अधिवास व तारीख यांची काटेकोर नोंद अपरिहार्य ठरते.