वृत्तकक्षातील कुटुंब : 'द मेरी टायलर मूर शो' (१९७०-१९७७) आणि नोकरदार स्त्रीचा इतिहास

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांचा विचार करताना दफ्तरे, पत्रव्यवहार, वृत्तपत्रे, न्यायालयीन कागदपत्रे यांचा निर्देश प्रामुख्याने होतो. दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिका मात्र निव्वळ करमणूक म्हणून बाजूला ठेवली जाते. वस्तुतः एखादा समाज कशावर हसतो आणि कोणत्या गोष्टीवर हसून पुढे जातो, हे पाहिले तर त्या समाजाच्या मनातील अवघड प्रश्न उलगडू लागतात. या दृष्टीने अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर १९ सप्टेंबर १९७० ते १९ मार्च १९७७ या काळात सात हंगामांत प्रसारित झालेली १६८ भागांची 'द मेरी टायलर मूर शो' ही मालिका महत्त्वाची ठरते. कार्यालयातील मैत्री, प्रणय आणि स्पर्धा या तीन सूत्रांवर तिची उभारणी झाली होती. या मालिकेने कार्यालयाला कुटुंबाचे रूप दिले; परंतु त्या कुटुंबात वेतनाचा आणि सत्तेचा हिशेब कसा होतो, हेही तिने अधूनमधून उघड केले. तिचे ऐतिहासिक मोल या दुहेरीपणात आहे, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन केले आहे.

पूर्वपीठिका

कार्यालयात काम करणारी स्त्री अमेरिकन विनोदी मालिकांत १९७० मध्ये प्रथमच अवतरली असे नाही. 'अवर मिस ब्रुक्स' (१९५२-१९५६) या मालिकेची नायिका शाळेत इंग्रजी शिकवणारी अविवाहित शिक्षिका होती. मुख्याध्यापकांशी खटके आणि जीवशास्त्राच्या लाजाळू शिक्षकाबद्दलची ओढ हे तिच्या कथांचे विषय होते. 'प्रायव्हेट सेक्रेटरी' (१९५३-१९५७) या मालिकेची नायिका कलावंतांच्या दलालाकडे सचिव होती. 'द डिक व्हॅन डाइक शो' (१९६१-१९६६) या मालिकेत घर आणि कार्यालय यांचे समांतर चित्रण आले. तीत मेरी टायलर मूर यांनी लॉरा पेट्री या गृहिणीची भूमिका केली होती. 'दॅट गर्ल' (१९६६-१९७१) मधील तरुणी स्वतंत्र राहत असली तरी वडील आणि प्रियकर यांची सावली तिच्यावर कायम होती. 'ज्युलिया' (१९६८-१९७१) या मालिकेची कृष्णवर्णीय परिचारिका नायिका विधवा होती.

थोडक्यात, स्त्रीने नोकरी करणे पडद्याला मान्य होते. परंतु त्या नोकरीला एखादे कारण जोडावे लागे. ती विवाहाची वाट पाहत असे, पतीचे निधन झालेले असे, किंवा नोकरी हा तिच्या आयुष्यातील मधला टप्पा असे. लेखक जेम्स एल. ब्रुक्स आणि अ‍ॅलन बर्न्स यांनी नव्या मालिकेची नायिका प्रारंभी घटस्फोटित कल्पिली होती. वाहिनीच्या अधिकाऱ्यांना ते रुचले नाही. मूर यांची गृहिणीची प्रतिमा लोकांच्या मनात इतकी ठसली होती, की प्रेक्षक त्यांनी डिक व्हॅन डाइकलाच सोडले असे समजतील, अशीही भीती व्यक्त झाली. अखेर नायिका मेरी रिचर्ड्‌स हिचे दीर्घकाळचे प्रेमसंबंध मोडल्याचे दाखवण्यात आले. तीस वर्षांची ही तरुणी मिनिआपोलिस शहरात येते आणि डब्ल्यूजेएम या काल्पनिक स्थानिक वाहिनीच्या वृत्तविभागात नोकरी धरते. मालिकेची निर्मिती करणारी एमटीएम एंटरप्रायझेस ही संस्था मूर आणि त्यांचे तत्कालीन पती ग्रँट टिंकर यांनी १९६९ मध्ये स्थापन केली होती, हेही येथे नोंदवले पाहिजे.

काळाची चौकट

ही मालिका सुरू झाली तो क्षण योगायोगाचा असला तरी बोलका आहे. अमेरिकेत समान वेतनाचा कायदा १९६३ मध्ये झाला होता. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाने वंश आणि धर्म यांच्याप्रमाणेच लिंगाच्या आधारे नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली होती. कायदा आणि व्यवहार यांतील अंतर मात्र मोठे होते. १९७० मध्ये वर्षभर पूर्णवेळ काम करणाऱ्या स्त्रियांची मध्यक कमाई पुरुषांच्या कमाईच्या सुमारे ५९ टक्के इतकीच होती. त्याच वर्षी १६ मार्च रोजी 'न्यूजवीक' साप्ताहिकातील ४६ स्त्री कर्मचाऱ्यांनी समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार दाखल केली. बातम्यांचे संशोधन स्त्रियांनी करावे आणि लेखन पुरुषांनी करावे, या प्रथेविरुद्ध ती तक्रार होती. २६ ऑगस्ट रोजी समानतेसाठी देशव्यापी स्त्री-संप झाला. त्यानंतर चार आठवड्यांच्या आतच मेरी रिचर्ड्‌स पडद्यावरील वृत्तकक्षात प्रवेश करते. ज्या क्षेत्रातील विषमता त्या वर्षी प्रत्यक्षात चव्हाट्यावर आली, तेच क्षेत्र मालिकेने पार्श्वभूमी म्हणून निवडले होते.

पहिल्याच भागातील मुलाखतीचा प्रसंग या संदर्भात पाहण्यासारखा आहे. वृत्तविभागाचा प्रमुख लू ग्रांट मेरीला तिचा धर्म विचारतो. नोकरीच्या मुलाखतीत असा प्रश्न विचारणे कायद्याला धरून नाही, असे ती संकोचत सुचवते. ती सचिवपदासाठी आलेली असते. परंतु ती जागा भरलेली असल्याने लू तिला सहयोगी निर्मातीचे पद देऊ करतो. या पदाचे वेतन सचिवापेक्षा आठवड्याला दहा डॉलरनी कमी असते. आणखी कमी वेतन चालणार असेल तर तिला निर्माती करण्याचीही त्याची तयारी असते. पण आपल्याला सहयोगी निर्माती होणेच परवडेल, असे ती सांगते. प्रेक्षक हसतात, मात्र पदाची प्रतिष्ठा देऊन वेतनात हात आखडता घेण्याची जुनी रीत त्या हशामागे स्पष्ट दिसते.

मैत्री : कार्यालयाचे कुटुंबीकरण

मालिकेतील माणसे एकमेकांशी रक्ताच्या नात्याने जोडलेली नाहीत. फटकळ पण मायाळू लू ग्रांट, बातम्या लिहिणारा मरे स्लॉटर आणि त्या अडखळत वाचणारा आत्ममग्न वृत्तनिवेदक टेड बॅक्स्टर ही कार्यालयातील मंडळी. तर रोडा मॉर्गनस्टर्न आणि फिलिस लिंडस्ट्रॉम या मेरीच्या इमारतीतील मैत्रिणी. मेरी अखेरपर्यंत आपल्या वरिष्ठाला 'मिस्टर ग्रांट' असेच संबोधते, तर मरे त्याला 'लू' म्हणतो. संबोधनातील हा भेद लहान वाटला तरी दुर्लक्षणीय नाही. या कुटुंबात वडीलधारा कोण आणि कन्या कोण, हे त्यातून ठरून जाते.

या नात्यांचा कस 'चकल्स बाइट्स द डस्ट' (२५ ऑक्टोबर १९७५) या भागात लागतो. वाहिनीवरील चकल्स हा विदूषक शेंगदाण्याच्या वेषात मिरवणुकीत सामील झाला असता हत्ती त्याला सोलू पाहतो आणि त्यात त्याचा मृत्यू होतो. सहकाऱ्यांना हसू आवरत नाही. मेरी त्यांना खडसावते. प्रत्यक्ष अंत्यसंस्काराच्या वेळी मात्र सारे गंभीर असताना तिलाच हसू फुटते. धर्मोपदेशक तिला मोकळेपणाने हसण्यास सांगतात, तेव्हा तिला रडू कोसळते. डेव्हिड लॉइड यांनी लिहिलेल्या या भागाला 'टीव्ही गाइड' ने १९९७ मध्ये सर्वकालीन भागांच्या यादीत पहिले स्थान दिले. सहकाऱ्याच्या मृत्यूचा शोक कसा करावा, याची रीत समाजाने घालून दिलेली नाही. नातलगांसाठी सुतक असते, सहकाऱ्यांसाठी काय? हा अवघड प्रश्न या भागाच्या विनोदामागे उभा आहे.

प्रणय : उंबरठ्याबाहेर ठेवलेला विषय

कार्यालयीन मालिकांत नायक-नायिकेचा प्रणय हा कथेचा कणा असतो, असा आज सर्वसाधारण समज आहे. या मालिकेने वेगळी वाट धरली. पहिल्याच भागात मेरीचा पूर्वीचा प्रियकर परत येतो आणि ती त्याला निरोप देते. त्यानंतर तिच्या जीवनात अनेक पुरुष येतात. परंतु सात वर्षांत तिचा विवाह होत नाही आणि मालिका त्याला शोकांतिका मानत नाही. उलट, विवाहाचे दुःख लू ग्रांटच्या वाट्याला येते. 'द लू अँड ईडी स्टोरी' (६ ऑक्टोबर १९७३) या भागात त्याची पत्नी स्वतःच्या शोधासाठी घर सोडते. या भागाच्या लेखनासाठी ट्रेव्हा सिल्व्हरमन यांना १९७४ मध्ये एमी पुरस्कार मिळाला. स्त्रीमुक्तीच्या विचाराचे पडसाद येथे एका प्रौढ, गोंधळलेल्या पुरुषाच्या घरात उमटतात.

मेरी आणि लू यांच्यातील संभाव्य प्रणयाचा प्रश्न लेखकांनी अखेरच्या आठवड्यापर्यंत लांबवला. 'लू डेट्स मेरी' (१२ मार्च १९७७) या शेवटून दुसऱ्या भागात दोघे एक संध्याकाळ एकत्र घालवतात, चुंबनाचा प्रयत्न करतात आणि हसू लागतात. पुरुष वरिष्ठ आणि स्त्री कनिष्ठ यांच्यात आदराचे, स्नेहाचे आणि प्रणयाविना नाते असू शकते, हे विधान त्या हशात होते. कार्यालयातील लैंगिक छळाच्या प्रश्नाला अमेरिकेत त्या दशकाच्या मध्याला नुकतेच नाव मिळू लागले होते. हे लक्षात घेतले म्हणजे या नकाराचे मोल अधिक जाणवते. तथापि त्याची मर्यादाही नोंदवली पाहिजे : वरिष्ठ सज्जन असल्यामुळे स्त्री येथे सुरक्षित आहे, तिला संरक्षण देणारा कोणताही नियम कथेत दिसत नाही.

स्पर्धा आणि वेतनाचा प्रश्न

मालिकेतील उघड स्पर्धा विनोदी स्वरूपाची आहे. बातमी मरे लिहितो आणि कीर्ती टेडला मिळते. मरेचे टोमणे हाच त्याचा सूड. पाककृती आणि गृहव्यवस्थेचा कार्यक्रम सादर करणारी, बेटी व्हाइट यांनी साकारलेली सू अ‍ॅन निव्हन्स १९७३ पासून कथेत येते. पडद्यावर मधाळ आणि पडद्यामागे विखारी असलेली ही आदर्श गृहिणी, गृहिणीपणाच्या जाहिरातबाज प्रतिमेचेच विडंबन ठरते.

परंतु खरा संघर्ष 'द गुड-टाइम न्यूज' (१६ सप्टेंबर १९७२) या भागात प्रकट होतो. आपल्या आधी हेच काम करणाऱ्या पुरुषाला आठवड्याला पन्नास डॉलर अधिक मिळत होते, हे मेरीला कळते. ती जाब विचारते. तो पुरुष होता, त्याच्यावर कुटुंबाची जबाबदारी होती, असे उत्तर लू देतो. क्षणभर ती निरुत्तर होऊन बाहेर पडते आणि लगेच परतते. गरजेनुसार वेतन द्यायचे तर तीन मुलांच्या बापाला दोन मुलांच्या बापापेक्षा आणि त्याला ब्रह्मचाऱ्यापेक्षा जास्त द्यावे लागेल; तसे तर कोणी करत नाही, असा तिचा युक्तिवाद असतो. 'कुटुंबाचा पोशिंदा' या संकल्पनेच्या आडून चाललेल्या वेतनभेदाचे इतके नेमके खंडन त्या काळच्या विनोदी मालिकेत विरळाच. समान वेतनाचा कायदा होऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती, हे येथे विसरता येत नाही.

या प्रसंगात मालिकेचे सामर्थ्य आणि मर्यादा एकत्र दिसतात. मेरी तक्रार घेऊन आयोगाकडे जात नाही, इतर स्त्रियांना संघटित करत नाही; ती वरिष्ठाच्या दालनात एकटी उभी राहते. 'न्यूजवीक' मधील ४६ स्त्रियांनी जे सामूहिकपणे केले, ते पडद्यावर एका सुस्वभावी व्यक्तीचे धाडस बनते. वर्णाच्या बाबतीतही हीच मर्यादा आहे. जॉन अ‍ॅमॉस यांनी साकारलेला गॉर्डी हा कृष्णवर्णीय हवामान-निवेदक प्रारंभीच्या हंगामांत दिसतो, परंतु तो दुय्यमच राहतो.

अखेरचा भाग : कुटुंबाची सीमा

१९ मार्च १९७७ च्या शेवटच्या भागात नवा व्यवस्थापक येतो. प्रेक्षकसंख्या घसरल्याचे कारण देऊन तो वृत्तविभागातील सर्वांना काढून टाकतो आणि ज्याच्यामुळे कार्यक्रमाचे हसे होते त्या टेडला तेवढा ठेवतो. ज्यांच्यामुळे एकटेपणा कमी होतो आणि आपल्यावर कोणाचे तरी प्रेम आहे असे वाटते ती माणसे म्हणजे कुटुंब, अशा आशयाचे मनोगत मेरी व्यक्त करते. सारे एकमेकांना मिठी मारतात आणि मिठी न सोडता मेजावरील कागदी रुमालांच्या खोक्याकडे सरकतात. अखेरीस मेरी दिवा मालवते.

हा शेवट बहुधा स्नेहाचा विजय म्हणून स्मरणात राहिला आहे. इतिहासाच्या दृष्टीने त्यातील दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. सात वर्षांच्या कुटुंबाला एका व्यवस्थापकाचा निर्णय पुरेसा होतो. प्रेम खरे होते. पण नोकरी टिकवण्याचे बळ त्या प्रेमात नव्हते.

समारोप

२९ एमी पुरस्कार मिळवणाऱ्या या मालिकेचा विक्रम पुढे २००२ मध्ये 'फ्रेझर' ने मोडला. तिच्या लेखकांपैकी काहींनी 'टॅक्सी' (१९७८-१९८३) ही मालिका घडवली. लू ग्रांट या पात्रावर त्याच नावाची गंभीर मालिका (१९७७-१९८२) आली. नवसहस्रकात 'द ऑफिस' आणि '३० रॉक' यांसारख्या मालिकांनी कार्यालयीन कुटुंबाची तीच कल्पना कधी स्वीकारली, कधी तिची थट्टा केली. २००२ मध्ये मिनिआपोलिस येथे टोपी उडवणाऱ्या मेरीचा पुतळा उभारण्यात आला. मूर यांचे २५ जानेवारी २०१७ रोजी निधन झाले.

'आपण सारे एक कुटुंब आहोत' हे वाक्य कार्यालयांत, संस्थांत आणि महाविद्यालयांतही वारंवार ऐकू येते. या मालिकेने ते वाक्य मनापासून उच्चारले आणि त्याचबरोबर एका अस्वस्थ प्रश्नाला वाचा फोडली : कुटुंब असेल, तर त्यातील एकीला आठवड्याला पन्नास डॉलर कमी का? विनोदाने तो प्रश्न सोडवला नाही. परंतु जो प्रश्न कायद्याच्या पुस्तकात आणि आयोगाच्या कचेरीत होता, तो शनिवारच्या रात्री लाखो घरांच्या दिवाणखान्यात पोहोचला. नोकरदार स्त्रीच्या इतिहासाचे साधन म्हणून या मालिकेकडे पाहण्यास एवढे कारण पुरेसे आहे.