जॅझ लॉफ्ट

न्यूयॉर्क नगरीच्या मॅनहॅटन विभागातील घाऊक फुलबाजारात, ८२१ सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यू येथील पाचमजली जुनाट इमारतीत पूर्वी भरणाऱ्या खासगी जॅझ मैफलींचे स्थान. चित्रकार डेव्हिड यंग, संगीतरचनाकार हॉल ओव्हर्टन व ट्रंपेटवादक डिक कॅरी यांनी १९५४ मध्ये येथील माळे भाड्याने घेतले. परिसर केवळ व्यापाराचा असल्याने रात्री तक्रार करावयास कोणी उरत नसे, म्हणून क्लबांतील पोटापाण्याचे वादन आटोपून आलेले कृष्णवर्णी व गौरवर्णी वादक तेथे उजाडेपर्यंत वाजवीत बसत. तिकीट नव्हते, मानधन नव्हते, वेळेची मर्यादाही नव्हती.

१९५७ मध्ये तेथे राहावयास आलेले छायाचित्रकार यूजीन स्मिथ यांनी जमिनीस छिद्रे पाडून, मजल्यामजल्यांतून तारा ओढून ध्वनिग्राहक बसविले आणि १९६५ पर्यंत सुमारे १,७४० रिळांवर अंदाजे ४,००० तासांचे ध्वनिमुद्रण केले. छायाचित्रे सुमारे ४०,००० निराळीच. वादनाबरोबर गप्पा, दूरध्वनीवरील संभाषणे, नभोवाणीवरील वार्ता व रस्त्यावरील रहदारीही त्यांत दाखल झाली आहे. तबकडीवर सिद्ध झालेले संगीतच तेवढे येते. ते सिद्ध होत असतानाची चाचपड या रिळांनी राखली, हे त्यांचे खरे मोल.

याचा सर्वांत भरभक्कम पुरावा म्हणजे पियानोवादक थेलोनिअस मंक यांची तालीम. २८ फेब्रुवारी १९५९ रोजी टाउन हॉल येथे झालेल्या, मंक यांच्यासह दहा वादकांच्या कार्यक्रमाची सिद्धता याच माळ्यावर झाली. कोणता स्वर कोणत्या वाद्याकडे सोपवावा, याविषयी मंक व ओव्हर्टन यांची पियानोपाशी बसून चाललेली चर्चा रिळांवर ऐकू येते. ‘लिटल रूटी टूटी’ या रचनेच्या १९५२ च्या तबकडीतील मंक यांचा पियानोवरील उत्स्फूर्त विस्तार स्वरलिपीत उतरवून तो साऱ्या वृंदाकडून वाजवून घेण्याची धाडसी योजनाही येथलीच. मितभाषी व लहरी म्हणून ख्यात असलेले मंक आपल्या कामाविषयी किती काटेकोर होते, हे यावरून निर्विवाद ठरते.

त्या काळातील जॅझच्या शैलीबदलांचे श्रेय या एका वास्तूस देणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि रॉनी फ्री यांच्यासारखे ड्रमवादक, ज्यांचे वादन फार थोड्या तबकड्यांवर सापडते, ते या रिळांमुळेच इतिहासास ज्ञात झाले.



स्मिथ यांचा हा संग्रह अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह फोटोग्राफी या संस्थेत जतन केलेला असून त्यावर आधारित सॅम स्टीफन्सन यांचा ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.