घरच्या चित्रपटाची फीत

घरांतील मुलांचे खेळ, लग्नाची वरात, वृद्ध आजीचें चालणें-बोलणें चलच्चित्रांत साठवून ठेवावें, ही इच्छा मध्यमवर्गांत जुनी आहे. ती पुरी करण्यास निघालेला गृहस्थ दुकानांत शिरतांच प्रथम कॅमेऱ्याची किंमत विचारतो. परंतु या हौसेचा सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर असें दिसतें कीं, कॅमेऱ्याच्या किमतीहून फितीचा खर्च मोठा. आणि त्याहूनहि मोठा प्रश्न ती फीत पुढें पाहावयाची कशावर, हा होय.

मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं १८९८ सालीं लंडनहून २१ गिनींस कॅमेरा मागविला. पुढल्या वर्षीं हँगिंग गार्डनमधील कुस्ती त्यांनीं टिपली. पण ती फीत धुण्यासाठीं विलायतेस धाडावी लागली. दादासाहेब फाळके यांनीं विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ सालीं लंडन गाठलें व विल्यम्सन कॅमेरा ५० पौंडांस घेतला. कोऱ्या फितीस कडेचीं भोकेंहि घरींच पाडावीं लागत. तें काम सरस्वतीबाई करीत. वाटाण्याच्या रोपाची वाढ हा त्यांचा पहिला प्रयोग. पुढें १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्यें कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. घर आणि चित्रपट यांचें नातें मराठी माणसाला असें आरंभापासूनच परिचित आहे.

तथापि ही पस्तीस मिलिमीटर रुंदीची फीत संसारी माणसास झेपणारी नव्हती. सेकंदास सोळा चित्रें या वेगानें दर सेकंदाला एक फूट फीत संपे. शिवाय ती नायट्रेटची, म्हणजे ज्वालाग्राही असे. २००३ सालीं पुण्यास अशा जुन्या फितींच्या कोठारास आग लागून अनेक मूकपटांच्या प्रती नष्ट झाल्या.

घरगुती चित्रणास खरी वाट मिळाली ती फीत अरुंद झाल्यावर. फ्रान्समधील पाथे कंपनीनें १९२२ सालीं साडेनऊ मिलिमीटरची, व अमेरिकेंतील कोडॅकनें १९२३ सालीं सोळा मिलिमीटरची फीत आणली. दोन्ही सहसा पेट न घेणाऱ्या होत्या. कोडॅकच्या पद्धतींत कॅमेऱ्यांत घातलेलीच फीत धुतल्यावर पडद्यावर दाखवितां येई. निराळी प्रत काढण्याचा खर्च वांचे. १९३२ सालीं आठ मिलिमीटरची युक्ति निघाली. सोळा मिलिमीटरची पंचवीस फूट फीत एकदां एका अर्ध्यावर, मग उलटवून दुसऱ्या अर्ध्यावर चालवावयाची, आणि धुतल्यावर मधोमध चिरावयाची. सोळा मिलिमीटरच्या शंभर फुटांत जीं चार मिनिटें मिळत, तींच आतां पंचवीस फुटांत मिळूं लागलीं. चित्र कमी रेखीव, पण खर्च आवांक्यांत, असा हा सौदा होता. १९६५ सालच्या ‘सुपर आठ’नें फीत भरण्याची कटकटहि मिटविली, मात्र एक डबी साडेतीन मिनिटांच्या आंतच संपे.

चुंबकीय फितीनें ही काटकसर संपविली. १९८३ सालीं सोनीचा ‘बीटामूव्ही’ निघाला. त्यांत चित्रण होई, पण पाहतां येत नसे. १९८४ सालीं जेव्हीसीनें छोट्या व्हीएचएस कॅसेटचा कॅमेरा आणला, तर १९८५ सालीं सोनीनें ‘व्हिडिओ-आठ’. पहिल्याची कॅसेट सुमारें अर्धा तास चाले, पण सांगाड्यांत बसवून घरच्या व्हीसीआरवर लावतां येई. दुसऱ्याची दीड तास चाले, पण पाहण्यास तोच कॅमेरा तारेनें दूरदर्शन-संचाला जोडावा लागे. ज्याच्या घरीं व नातलगांकडे व्हीएचएस यंत्र होतें त्यास पहिली निवड सोयीची. ज्यास लांब समारंभ अखंड टिपावयाचा, त्यास दुसरी. अमेरिकेंतील मराठी कुटुंबांपुढें आणखी एक पेंच होता. तेथील एनटीएससी पद्धतीची कॅसेट इकडील केवळ पाल पद्धतीच्या यंत्रावर नीट दिसत नसे. नातवाच्या बारशाची कॅसेट हातीं येई, आणि आजीस नातू दिसत नसे!

शहरांतील पुष्कळ कुटुंबांचें मूळ घर खेड्यांत असतें. शहापूर-मुरबाडकडील शेणव्यासारख्या गावीं पावसाळ्याचे चार महिने हवा ओलसर. अशा हवेंत कपाटांत पडून राहिलेल्या कॅसेटला बुरशी धरते. बुरशी टळली तरी यंत्र कोठून आणावें? जपानांतील फुनाई कंपनीनें २०१६ सालीं व्हीसीआर बनविणें थांबविलें, तेव्हां त्या यंत्राचें उत्पादन संपलें. उलट आठ मिलिमीटरची जुनी फीत उजेडासमोर धरली तर भिंगानें आजोबांचा चेहरा आजहि दिसूं शकतो. चुंबकीय फितीवर नुसत्या डोळ्यास कांहींच दिसत नाहीं.

म्हणून निवड करतांना कॅमेऱ्याची किंमत, दर मिनिटाचा खर्च आणि दहा वर्षांनीं पाहण्याची सोय, असे तीन आंकडे शेजारीं मांडावेत. आज स्मृतिपत्रावर चित्रण जवळजवळ फुकट होतें. परंतु तिसरा आंकडा तेवढ्यानें पुसला जात नाहीं. ज्यांच्या घरीं जुन्या कॅसेटी आहेत त्यांनीं चालू यंत्र मिळतें आहे तोंवर त्यांची नवी प्रत करून घ्यावी, व ती दोन निरनिराळ्या घरीं ठेवावी. आजीचा आवाज पुन्हां टिपतां येत नाहीं. टिपलेला मात्र राखतां येतो.