एक रेषा, दोन गांधार

भातखंड्यांच्या 'क्रमिक पुस्तकमालिके'तली दरबारी कानड्याची एखादी चीज उघडावी आणि शेजारी जौनपुरीची ठेवावी. दोन्हीकडे 'ग'च्या पायाशी तीच आडवी रेषा. म्हणजे कोमल गांधार. पण दरबारी ऐकलेल्या कोणालाही ठाऊक असते की त्यातला गांधार जौनपुरीच्या गांधाराहून उतरलेला, जडसा आणि झुलता असतो. गवई त्याला अतिकोमल म्हणतात. कान जे दोन म्हणून ओळखतो ते कागदावर एकच का झाले? विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत महाराष्ट्रातल्या काही माणसांनी हे अंतर मोजले, छापले आणि त्यासाठी वाद्यही घडवून घेतले. तरीही आपली रूढ स्वरलिपी त्यावाचूनच उभी राहिली.

प्रश्न अर्थातच जुना आहे. सप्तकात बावीस श्रुती आणि सातही स्वरांना त्यांची ४, ३, २, ४, ४, ३, २ अशी वाटणी, ही 'नाट्यशास्त्रा'तली मांडणी. भरताने श्रुतीचे माप मात्र कुठेच आकड्यात दिलेले नाही. त्याने कृती दिली. दोन वीणा सारख्या जुळवा, एक तशीच राहू द्या. दुसरीचा पंचम एका प्रमाणश्रुतीने उतरवा आणि बाकीचे स्वर त्याच्याशी नव्याने जुळवा. असे दुसऱ्यांदा केले की उतरवलेल्या वीणेचे गांधार-निषाद स्थिर वीणेच्या ऋषभ-धैवताला मिळतात. तिसऱ्यांदा ऋषभ-धैवत हे षड्ज-पंचमाला मिळतात, आणि चौथ्यांदा चार-चार श्रुतींचे उरलेले तीन स्वर आपापल्या खालच्या स्वरावर येतात. हिशेब पुरा होतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, तेव्हाही श्रुती दाखवायची ती वीणेवरच. स्वरांच्या जागा तारेच्या लांबीवरून सांगायला सतराव्या शतकातला अहोबल यावा लागला.

ही कृती आकड्यांत उतरवण्याचा ध्यास कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी घेतला. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले देवल तारेवर प्रयोग करत, आणि त्यांच्या कामाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची साथ होती. बावीस श्रुतींवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९१० साली पुण्यात निघाले. त्यांच्या धर्तीचे गणित सोपे आहे. षड्जाची कंपने सेकंदाला २४० धरली तर षड्जाच्या सहा-पंचमांश पटीवरचा कोमल गांधार २८८वर येतो आणि बत्तीस-सत्तावीसांश पटीवरचा साधारण २८४.४वर. फरक जेमतेम साडेतीन कंपनांचा. क्षुल्लक वाटतो खरा, पण दोन्ही स्वर एकदम वाजवले तर सेकंदाला तीन-चार हेलकावे स्पष्ट ऐकू येतात. इंग्रज ध्वनिशास्त्रज्ञ एलिसने सप्तकाचे १२०० सेंट पाडले होते. त्या मापाने हा फरक २२ सेंटचा, म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा सुमारे पाचवा हिस्सा. ऋषभाच्याही अशाच दोन जागा निघतात, २७० आणि २६६.७.

देवलांना सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स येऊन मिळाले. १९१३ साली त्यांचे पुस्तक निघाले. श्रुतींना नेमके माप द्यायचे, तर त्यांच्यासाठी नेमकी चिन्हेही हवीत, हे त्या विचारातून ओघानेच येते. देवल-क्लेमंट्स यांच्या आखणीनुसार लंडनमध्ये श्रुती-हार्मोनियमही तयार झाली.

याच सुमारास आपल्याकडे दोन स्वरलिप्या रुळत होत्या. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्या पद्धतीत कोमल स्वराचा पाय हलन्तासारखा मोडलेला असतो. भातखंड्यांनी कोमलाखाली आडवी रेषा दिली आणि तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी. दोघांचे एकमेकांशी फारसे जमले नाही. पण सप्तकात जागा बाराच, यावर दोघांच्याही लिप्यांचे एकमत आहे. तेरावी जागा लिहिण्याची सोय कोणीच ठेवली नाही.

१९१६च्या मार्चमध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्याला संगीत परिषद भरली. तिथे श्रुतींचा वाद निघाला, श्रुती-हार्मोनियमही पुढे आली आणि जमलेल्या जाणकारांना ती पटली नाही. याला पुराणमतवाद म्हणायचे? मला ते तितके सरळ वाटत नाही. भातखंडे स्वतः कमी धीट नव्हते. जुने ग्रंथकार स्वराला त्याच्या शेवटच्या श्रुतीवर बसवत. भातखंड्यांनी तो पहिल्या श्रुतीवर बसवला आणि ४-३-२-४-४-३-२ याच आकड्यांतून बिलावलचे सप्तक काढले. जुन्या रीतीने तेच आकडे काफीच्या जवळ जातात. ग्रंथांतल्या श्रुती आजच्या गाण्याला जशाच्या तशा लागू पडत नाहीत हे मनाशी पक्के असल्याखेरीज अशी फिरवाफिरव कोण करील?

उलट वाट तुर्कस्तानने धरली. तिथल्या विसाव्या शतकातल्या पंडितांनी पूर्ण स्वरांतराचे नऊ 'कोमा' केले आणि एक, चार, पाच, आठ कोमांची चढ-उतार दाखवणारी वेगवेगळी चिन्हे ठरवली. ती आज छापील संगीतात सर्रास वापरतात. तरी उश्शाक नावाच्या मकामातला दुसरा स्वर तिथले वादक लिहिल्यापेक्षा खाली घेतात, आणि तो लिहिलेल्या जागी वाजवणारा अडाणी ठरतो. म्हणजे चिन्हे वाढवल्याने प्रश्न मिटला असे झाले नाही.

आपल्याकडचा पुरावाही त्याच दिशेचा आहे. नाझिर जयराजभॉय आणि स्टोन यांनी १९६३ साली हिंदुस्थानी वादकांची मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांत वेगवेगळ्या कलावंतांचे स्वर जुळत नव्हतेच, शिवाय एकाच कलावंताचा एकच स्वर एकाच रागात दर वेळी त्याच जागी पडत नव्हता. देवलांचे गणित यामुळे खोटे ठरत नाही. तंबोऱ्याशी स्थिर धरलेल्या स्वराबद्दल ते खरेच आहे. पण दरबारीचा गांधार स्थिर कधी असतो? तो मध्यमाची छाया घेऊन उतरतो, ऋषभाच्या बाजूला झुकतो, परत येतो. त्या हालचालीतला कोणता क्षण २८४ म्हणून टिपायचा?

आता पुन्हा 'क्रमिक'चे पान पाहावे. दरबारीत गांधाराच्या डोक्यावर बारीक टायपात 'म' छापलेला सापडतो. हा कण. मध्यमावरून गांधारावर या, एवढेच तो सांगतो. जौनपुरीचा गांधार एरवी मोकळा असतो. माझ्या मते श्रुतीचा हिशेब भातखंड्यांनी इथे चुकता केला. रागारागांतला भेद त्यांनी स्वराच्या उंचीत न लिहिता स्वराकडे येण्याच्या वाटेत लिहिला. रेषा दोन्हीकडे सारखीच राहिली तरी त्यांना चालले, कारण ती वाचणाऱ्याच्या कानात आधीच कोणीतरी दरबारी घातलेली असणार, हे त्यांनी गृहीत धरले होते.

या गृहीताची किंमत मात्र पडली. सर्वांना गाणे मिळावे म्हणून ज्या लिपीचा प्रसार झाला, तीच घरी गुरू नसलेल्या विद्यार्थ्याला अर्धीच वाट दाखवते. पुस्तक आणि पेटी एवढ्यावर दरबारी शिकू पाहणाऱ्याला दोन्ही गांधार एकाच काळ्या पट्टीवर सापडतात. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी केली आहे. तीत उतरलेला गांधार मिळतो. सूर तासलेल्या पितळी पट्टीतून निघतो म्हणून तो झुलत मात्र नाही.