मुंबई कलाशाळेची मृत्पात्रे

मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेच्या कर्मशाळेत १८७० नंतरच्या दशकापासून घडविलेली चित्रित व झिलईदार मातीची भांडी. परदेशी प्रदर्शने व तेथील दिवाणखाने नजरेसमोर ठेवून तयार झालेले मोठे कुंभ व फुलदाण्या यांचा त्यांत प्रामुख्याने समावेश होतो. ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’ या नावानेही ती ओळखली जातात.

जीजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून ही कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली. तिचे अधीक्षक जॉर्ज विल्किन्स टेरी हे या कर्मशाळेचे प्रवर्तक. महाराष्ट्रातील कुंभाराची घागर, मडकी ही बिनझिलईची. झिलईकामाचा जुना वारसा होता तो सिंधमधील हाला येथे. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच मोडत असे. टेरी यांनी तेथील कारागीर व त्यांचे तंत्र मुंबईस आणले. जॉर्ज बर्डवुड यांनी भारतीय हस्तव्यवसायांवरील आपल्या ग्रंथात (१८८०) या प्रयत्नाची दखल घेतली आहे.

चाकावर घडविलेल्या भांड्यावर पांढऱ्या मातीचे पातळ अस्तर देऊन त्यावर धातूंच्या भस्मांनी चित्रण करीत : कोबाल्टपासून निळा, तांब्यापासून हिरवा, मँगॅनिजपासून तपकिरी वा जांभळट रंग मिळे. त्यावर पारदर्शक झिलई चढवून भांडे भट्टीत घालीत. चित्र झिलईखाली असल्यामुळे भाजण्यापूर्वीच ते पुरे व्हावे लागे आणि कुंभार व चित्रकार यांना एकाच आवारात काम करणे भाग पडे.

याच काळात जपानमध्ये निर्यातीसाठी चाललेला व्यवसाय याहून निराळा होता. ओसाका येथील याबू मेइझान (१८५३–१९३४) यांची १८८० मध्ये स्थापन झालेली चित्रणशाळा त्याचे उत्तम उदाहरण होय. सात्सुमा प्रांतातून कोरी, झिलई दिलेली भांडी मागवावयाची, पगारी चित्रकारांकडून त्यांवर मीनारंग व सोने चढवावयाचे, मंद आचेवर पुन्हा भाजावयाचे आणि याबू यांची मुद्रा उमटवून ती विकावयाची, अशी तेथील रीत. चित्र झिलईवर असल्याने भट्टी एका प्रांतात व कुंचला दुसऱ्या प्रांतात राहू शके. ही फारकत व्यापाराला मानवली. मोरिमुरा बंधूंनी १८७६ मध्ये तोक्यो येथे पेढी काढून त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये दुकान थाटले. त्यांच्या उद्योगातून पुढे १९०४ मध्ये नागोयाजवळ नोरिताके येथे चिनी मातीचा कारखाना उभा राहिला. मुंबईची कर्मशाळा मात्र शिक्षणसंस्थेच्या आश्रयाने वाढली, आणि तिचे स्वरूपही तसेच राहिले.

अलंकरणाच्या दोन तऱ्हा दिसतात. पहिली सिंधी वळणाची, फुलापानांची. दुसरी अजिंठ्याची, व तीच अधिक लक्षणीय. जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली पेस्तनजी बोमनजी प्रभृती विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. तेथील कमलवेली, हंस, हत्ती व मानवाकृती लवकरच कुंभांवर अवतरल्या. बौद्ध लेण्यांतील चित्र, सिंधी मुसलमान कुंभाराची झिलई व इंग्रज घरातील कोनाडा यांचा हा मेळ. त्यास प्राचीन कलेचे पुनरुज्जीवन म्हणण्याचा प्रघात पडला, तो यथार्थ नाही. अजिंठ्याच्या चित्रकारांनी ही रचना भांड्यांसाठी योजिली नव्हती आणि हालाच्या कुंभारांनी अजिंठा पाहिला नव्हता. ही कला मुंबईतच जन्मली. तिचे गुण व दोष मुंबईचेच मानावयास हवेत. चांगल्या नमुन्यांत आकृती कुंभाच्या गोलाईशी एकजीव होते. सामान्य नमुन्यांत भिंतीवरचे चित्र केवळ कापून चिकटविल्यासारखे भासते.

अजिंठ्याच्या नकलांपैकी बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. त्यामुळे त्या काळच्या मृत्पात्रांना नकलाकारांच्या हाताची साक्ष म्हणूनही मोल आले आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आणि भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात या मृत्पात्रांचे नमुने जतन केलेले आहेत.